आधीचं हिमोग्लोबिन किती होतं?

पारशिवनीला माझ्या आत्याच्या घरी लोखंडी कपाटात साडीच्या दुकानाची एक पिशवी आहे. साडी कधीच वापरून झाली, पिशवीत आता आतेभावाचे रिपोर्ट असतात. बारा-तेरा वर्षांचे. काही ए-फोर कागदावर रंगीत लोगोसकट, काही सरकारी छापील फॉर्मवर निळ्या पेनाने भरलेले, आणि काही थर्मल प्रिंटरच्या चिटोऱ्या. किराणा दुकानाचं बिल येतं तसला तो कागद. त्यातल्या जुन्या चिटोऱ्या आता कोऱ्याच झाल्या आहेत. उजेडात तिरक्या धरल्या तर एखादा आकडा दिसल्यासारखा वाटतो.

आतेभावाला सिकल सेल आहे, एसएस प्रकारचा. म्हणजे आईकडून एक आणि वडिलांकडून एक, असे दोन्ही जनुक बिघडलेले. वर्षातून एक-दोनदा हातापायांत, पाठीत कळा सुरू होतात. मग आधी गावातलं रुग्णालय, तिथे नाही भागलं तर नागपूर. नागपुरात गेलं की ड्यूटीवरचे डॉक्टर पहिल्या दहा मिनिटांत एक प्रश्न विचारतात: ‘आधीचं हिमोग्लोबिन किती होतं?’

प्रश्न साधा वाटतो, पण सगळं त्याच्यावर अडलेलं असतं. तुमचं-माझं हिमोग्लोबिन सात आलं तर घरात धावपळ होईल. एसएसच्या पेशंटचं रोजचंच सात-आठ असू शकतं. साडेसातवरून सातवर आलं असेल तर फारसं बिघडलेलं नाही. साडेनऊवरून सातवर आलं असेल तर काहीतरी गंभीर चालू आहे. आजचा आकडा दोन्ही वेळेला सातच. रक्त चढवायचं की नाही हे आजच्या नाही, मागच्या आकड्यावर ठरतं. विनाकारण रक्त चढवण्याचेही धोके असतातच. तो मागचा आकडा आत्या पिशवीत शोधत असते, रात्री दीड वाजता, कॅज्युअल्टीच्या बाकावर.

माझी नोकरी नेमकी याच कामाची आहे. लॅबमधली मशीन आणि हॉस्पिटलचं सॉफ्टवेअर यांना एकमेकांशी बोलायला लावणं. आमच्याकडे याला इंटरफेसिंग म्हणतात. एकदा आत्या म्हणाली, “काहून रे, तू त्याच कामाचा पगार घेतेस ना? मंग मले ही पिशवी काहून धरा लागते?” मला उत्तर देता आलं नाही. म्हणून मी या कामाचा इतिहास वाचायला घेतला.

*

आधी मशीनच नव्हती. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत रक्ताच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली डोळ्यांनी मोजत. काचेच्या पट्टीवर आखलेल्या चौकोनांतल्या पेशी एक-दोन-तीन करत मोजायच्या आणि मग गुणाकार करायचा. अमेरिकेत वॉलेस कोल्टर नावाच्या माणसाने यावर एक युक्ती काढली. पातळ केलेलं रक्त एका बारीकशा छिद्रातून जाऊ द्यायचं आणि छिद्राच्या दोन्ही बाजूंना वीज ठेवायची. एक पेशी आत शिरली की विजेला क्षणभर अडथळा येतो. असे झटके मोजले की पेशी मोजून झाल्या. १९५३ मध्ये त्याला याचं पेटंट मिळालं. आज तालुक्याच्या गावातल्या लॅबमध्ये टेबलावर मायक्रोवेव्हएवढं जे सीबीसीचं मशीन दिसतं, त्याच्या पोटात बहुतेक वेळा हीच युक्ती असते.

१९५७ मध्ये टेक्निकॉन कंपनीने ऑटोॲनालायझर बाजारात आणला. तो क्लीव्हलंडच्या लेनर्ड स्केग्ज या जीवरसायनशास्त्रज्ञाच्या डोक्यातून निघालेला. एकाच लांब नळीतून एकामागून एक नमुने जातात, आणि ते एकमेकांत मिसळू नयेत म्हणून मध्ये हवेचे बुडबुडे सोडलेले असतात. साखर, युरिया यांच्या तपासण्या भराभर होऊ लागल्या. पण हे मशीन आकडा देत नसे. एका पेनने सरकत्या कागदावर ते डोंगर काढायचं. टेक्निशियनने डोंगराची उंची बघायची, तिच्यावरून आकडा काढायचा आणि तो रजिस्टरमध्ये लिहायचा. रजिस्टरमधून तो रिपोर्टवर जायचा, रिपोर्टवरून वॉर्डात, वॉर्डातून केस पेपरवर. तपासणीला मिनिटं लागत होती आणि उतरवण्यात दिवस जात होता. प्रत्येक उतरवण्यात ७.९ चे ९.७ व्हायची सोय होतीच.

म्हणून हॉस्पिटलमध्ये कॉम्प्युटर शिरला तेव्हा त्याला लवकर मिळालेल्या कामांपैकी एक लॅबचं होतं. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात बॉस्टनच्या मॅसेच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये ऑक्टो बार्नेट यांच्या गटात नील पापालार्डो आणि सहकाऱ्यांनी एक प्रोग्रॅमिंगची भाषा बनवली. नाव मम्प्स, म्हणजे चक्क गालगुंड! हॉस्पिटलमधल्या माणसांनी नाव ठेवलं की असं होतं. गंमत सोडा, ती भाषा अजून जिवंत आहे. अमेरिकेतल्या काही मोठ्या हॉस्पिटल सॉफ्टवेअरच्या तळाशी आजही तीच चालते. पापालार्डो यांनी १९६९ मध्ये मेडिटेक ही कंपनी काढली, आणि हॉस्पिटलला विकायचं सॉफ्टवेअर हा धंदा आकाराला येऊ लागला.

मला मात्र या सगळ्यांत जवळचा वाटतो तो क्लेम मॅकडॉनल्ड. इंडियानापोलिसच्या रेगेनस्ट्रीफ इन्स्टिट्यूटमधला हा डॉक्टर. १९७२ मध्ये त्याने तिथल्या मधुमेहाच्या ओपीडीतल्या थोड्याशा पेशंटांच्या नोंदी कॉम्प्युटरवर घ्यायला सुरुवात केली. पेशंट समोर बसलेला असताना डॉक्टरला त्याचे मागचे आकडे दिसावेत, आणि एखादी गोष्ट राहून गेली असेल तर कॉम्प्युटरने आठवण करावी, हा त्याचा ध्यास. डॉक्टर चुकतात ते आळशी म्हणून नाही, माणसाच्या डोक्यात एका वेळी इतकं मावतच नाही म्हणून, असं त्याने १९७६ मध्ये एका प्रयोगातून मांडलं.

पण कॉम्प्युटरला आकडे द्यायचे कोणी? लॅब वेगळी, तिचं सॉफ्टवेअर वेगळं, मशीन तिसऱ्याच कंपनीचं. प्रत्येक जोडीसाठी नवा प्रोग्रॅम लिहावा लागे. दहा मशीन आणि पाच सॉफ्टवेअर असली तर पन्नास दुभाषे. १९८७ मध्ये अमेरिकेतल्या काही हॉस्पिटलांच्या आणि कंपन्यांच्या लोकांनी मिळून एचएल-सेव्हन ही संस्था काढली. हॉस्पिटलमधल्या सॉफ्टवेअरनी एकमेकांना निरोप कोणत्या साच्यात पाठवायचे ते ठरवण्यासाठी. १९८८ मध्ये एएसटीएम या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने लॅबच्या निकालांसाठी असाच साचा छापला, त्यातही मॅकडॉनल्डचा हात होता. १९९१ मध्ये मशीन आणि कॉम्प्युटर यांच्यातल्या बोलण्याचे नियम आले.

*

ते नियम मी रोज बघतो, आणि ते मला अजून आवडतात. मशीनच्या मागे नऊ पिनांचं जुनं सीरियल पोर्ट असतं. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी ते पाहिलंही नसेल. त्यातून मशीन आधी एकच अक्षर पाठवतं, त्याचा अर्थ ‘आहेस का?’ कॉम्प्युटर एका अक्षरात उत्तर देतो, ‘आहे, बोल.’ पंधरा सेकंदांत उत्तर आलं नाही तर मशीन गप्प बसतं आणि नंतर पुन्हा प्रयत्न करतं. मग एकेक ओळ: ही पाठवणाऱ्याची ओळख, हा पेशंट, ही मागितलेली तपासणी, हा निकाल. प्रत्येक ओळीच्या शेवटी सगळ्या अक्षरांची बेरीज, वाटेत काही गळलं का ते कळायला. शेवटी एक अक्षर, ‘संपलं.’ ही अक्षरं टेलिप्रिंटरच्या जमान्यातली आहेत. तारघरं बंद झाली, पण त्यांची बोली लॅबच्या टेबलामागे धुळीत चालू राहिली.

पहिल्यांदा मी असं मशीन जोडलं ते विदर्भातल्याच एका रुग्णालयात. गावाचं नाव सांगत नाही, चूक माझी होती. केबलमध्ये बोलायची आणि ऐकायची तार उलटी लागली होती, दोघेही एकदम बोलत होते आणि ऐकत कोणीच नव्हतं. (आमच्या टीमच्या मीटिंगसारखं.) तार बदलली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पहिला आकडा स्वतःहून स्क्रीनवर उमटला. हिमोग्लोबिन ११.२. कोणीही टाइप न करता! मी लॅबमधल्या सगळ्यांना चहा पाजला.

चौथ्या दिवशी लॅबमधल्या ताईंनी मला बोलावलं. “सर, हे कोणतं पॉझिटिव्ह?”

सिकल सेलच्या तपासणीचे दोन टप्पे असतात. पहिली सोपी, विरघळण्याची चाचणी. रक्ताचा थेंब एका द्रावणात टाकायचा, द्रावण गढूळ झालं तर पॉझिटिव्ह. पण ते गढूळ दोघांचंही होतं. दोन्ही जनुक बिघडलेल्या एसएस पेशंटचं, आणि एकच जनुक असलेल्या एएस वाहकाचंही. वाहक हा सहसा आजारी नसतो, आयुष्यभर त्याला कळतही नाही. कोण कोणता हे दुसऱ्या चाचणीत ठरतं, इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसीत. लॅबच्या सॉफ्टवेअरमध्ये या दोन चाचण्या वेगळ्या होत्या. डॉक्टरांच्या सॉफ्टवेअरमध्ये रकाना एकच होता, ‘सिकल सेल’. मी दोन्ही त्याच रकान्यात ओतल्या. तांत्रिकदृष्ट्या सगळं बरोबर होतं. एकही अक्षर गळलं नव्हतं, बेरजा जुळत होत्या.

त्या चार दिवसांत एका मुलीचा कागद छापून गेला होता. पहिल्याच चाचणीचा निकाल, त्यावर ‘सिकल सेल: पॉझिटिव्ह’. तिच्या लग्नाची बोलणी चालू होती. आमच्या भागात हे दोन शब्द बैठकीत कसे पोचतात ते मला सांगायला नको. ताईंनी रजिस्टर काढलं, त्यात लाल पेनाने ‘कन्फर्म व्हायचे’ असं लिहिलेलं होतं. त्यांनी त्या गावच्या आशाताईंना फोन केला. पुढे त्या घरात काय झालं ते मला कळलं नाही, आणि विचारायची माझी हिंमतही झाली नाही. ज्या रजिस्टरची जागा मी घेणार होतो, त्या रजिस्टरला जे माहीत होतं ते माझ्या सॉफ्टवेअरला माहीत नव्हतं.

*

नंतर वाचताना कळलं की हा घोळ जुनाच आहे. नव्वदच्या सुरुवातीला निरोपाचा साचा तयार होता, पण आत भरायची नावं ज्याची त्याची होती. एक लॅब ‘एचबी’ पाठवते, दुसरी ‘एचजीबी’, तिसरी स्वतःच्या यादीतला ४१७ नंबर. कॉम्प्युटरला ही तीन वेगळी माणसं वाटतात. १९९४ मध्ये मॅकडॉनल्डच्या गटाने यासाठी लॉइंक नावाची यादी सुरू केली. जगातल्या प्रत्येक तपासणीला एक क्रमांक. रक्तातलं हिमोग्लोबिन ७१८-७. हा क्रमांक इंडियानापोलिसमध्ये तोच, इगतपुरीतही तोच.

खरी कमाल क्रमांकात नाही, तो देण्याच्या पद्धतीत आहे. लॉइंक प्रत्येक तपासणीला सहा प्रश्न विचारतं: काय मोजलं, कोणत्या प्रकारचं माप, एका क्षणाचं की चोवीस तासांचं, कशात मोजलं (रक्तात, लघवीत), उत्तर आकडा आहे की हो-नाही, आणि गरज असेल तिथे, कोणत्या पद्धतीने. तो सहावा प्रश्न वाचताना माझे कान गरम झाले. कोणत्या पद्धतीने. ताईंनी विचारलेला प्रश्न तोच होता.

आता लाखाच्या घरात क्रमांक असलेली ही यादी फुकट आहे. तरी आपल्याकडच्या काही गोष्टी तीही सोडवत नाही. डेंग्यूच्या दिवसांत बघा. मशीन प्लेटलेट १५० म्हणतं, म्हणजे दीडशे हजार. आपला रिपोर्ट म्हणतो १.५ लाख. आपण मोजतो लाखात, मशीन हजारात. मध्ये कुणीतरी बसून दशांशचिन्ह सरकवतं, आणि ते कुणीतरी बहुधा माझ्यासारखा असतो.

*

सिकल सेल आणि लॅब यांचं नातं तर जुनं आहे. डोळ्यांना दिसतो तो फक्त अशक्तपणा, नाव देते ती लॅबच. १९१० मध्ये शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी सूक्ष्मदर्शकाखाली विळ्याच्या आकाराच्या पेशी पाहून या आजाराचं पहिलं वर्णन छापलं. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी इलेक्ट्रोफोरेसिसने दाखवलं की दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे. भारतात १९५२ मध्ये निलगिरीतल्या आदिवासींमध्ये तो सापडला, आणि १९५८ मध्ये शुक्ला आणि सोलंकी यांनी मध्य भारतातल्या सिकल सेलवरचा निबंध ‘लॅन्सेट’मध्ये छापला. तेव्हापासून विदर्भ या आजाराच्या नकाशावर आहे. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलमध्ये राष्ट्रीय सिकल सेल निर्मूलन मिशन सुरू झालं. उद्दिष्ट सात कोटी लोकांची तपासणी. सात कोटी निकाल, म्हणजे ‘कोणतं पॉझिटिव्ह?’ हा प्रश्न सात कोटी वेळा.

मग जोडणीचं आपल्याकडे काय झालं? सुरुवात आपल्याच भागात बरी झाली होती. सुशीला नायर यांनी १९६९ मध्ये सेवाग्रामला वैद्यकीय महाविद्यालय सुरू केलं. तिथल्या कस्तुरबा रुग्णालयाने या शतकाच्या पहिल्या दशकातच सी-डॅकच्या नोएडा केंद्राकडून हॉस्पिटलचं सॉफ्टवेअर करून घेतलं. खेड्यातल्या पेशंटांचं हॉस्पिटल, आणि लॅबचा निकाल वॉर्डातल्या कॉम्प्युटरवर. पुण्या-मुंबईतल्या कित्येक चकचकीत हॉस्पिटलांच्या आधी.

राज्याच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत, नागपूरच्या मेडिकल आणि मेयोतसुद्धा, एचएमआयएस नावाची यंत्रणा दशकभर चालली. २०२२ च्या जुलैत ती बंद झाली. डॉक्टर पुन्हा हाताने केस पेपर लिहायला लागले, आणि पुढे एनआयसीची ई-हॉस्पिटल ही यंत्रणा आणली गेली. वाद कोणाचा काय होता ते सोडून द्या. इंजिनिअर म्हणून मला एवढंच दिसतं की सॉफ्टवेअर बदलताना नवं लावायची तारीख ठरलेली असते, जुने आकडे नव्यात आणायची क्वचितच. आणि या सगळ्या खटाटोपात मोलाचे तर जुने आकडेच.

गावपातळीवर २०१७ पासून महालॅब आहे. एचएलएल लाइफकेअर ही केंद्र सरकारची कंपनी ती चालवते. प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त घेतात, गाडी नमुने मोठ्या लॅबमध्ये नेते, तपासणी फुकट आणि रिपोर्ट ऑनलाइन. पूर्वी ज्या तपासण्यांसाठी नागपूरची एसटी पकडावी लागायची त्या आता गावात होतात, हे मी लहानसं मानत नाही. पण ऑनलाइन रिपोर्ट म्हणजे साधारणपणे पीडीएफ. आणि पीडीएफ म्हणजे आकड्याचा फोटो. माणसाला तो वाचता येतो, पण मागच्या वर्षीच्या आकड्याशेजारी तो आपोआप जाऊन बसत नाही.

दिल्लीत कागदोपत्री सगळं ठरलेलं आहे. केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने २०१३ मध्ये इलेक्ट्रॉनिक आरोग्य नोंदींची मानकं जाहीर केली, २०१६ मध्ये सुधारली. लॉइंक त्यात आहे. मानकं समजावून सांगायला पुण्यात सी-डॅकमध्ये राष्ट्रीय केंद्र आहे. त्याच सी-डॅकमध्ये, जी १९८८ मध्ये सुपरकॉम्प्युटर बनवण्यासाठी स्थापन झाली होती. सप्टेंबर २०२१ मध्ये आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झालं, चौदा अंकी आभा क्रमांक आला. त्यातून रिपोर्ट पाठवायचा साचा फायर नावाचा आहे, ऑस्ट्रेलियाच्या ग्रॅहम ग्रीव्ह यांनी २०११ मध्ये मांडलेला. अतिशय देखणा. प्रत्येक निकाल सुटा पाठवता येतो, क्रमांकासकट, एककासकट. पण त्याच साच्यात पीडीएफ जशीच्या तशी कोंबायचीही मुभा आहे. छोट्या लॅबकडे दुसरं काही नसतं म्हणून ठेवलेली, आणि मी असतो तर मीही ठेवली असती. फक्त मुभा असली की मुदत गाठायला सगळे तीच वापरतात. मीही वापरली आहे.

आमच्या तालुक्याची एक गंमत आहे. नागपूर जे पाणी पितं त्यातलं बरंचसं आमच्याकडून जातं, पेंचचं, नवेगाव खैरीच्या धरणातलं. पाणी रोज नागपूरला पोचतं. आमच्या माणसांचं रक्तही पोचतं, छोट्या नळ्यांत, बर्फाच्या डब्यातून. परत मात्र कागद येतो.

*

यंदा दिवाळीत पारशिवनीला गेलो तेव्हा ती पिशवी जमिनीवर पालथी केली. आतेभाऊ वाचून दाखवत होता, मी लॅपटॉपवर भरत होतो. तारीख, लॅब, हिमोग्लोबिन, आणि एक रकाना पद्धतीचा. तो मी आता कुठेच सोडत नाही. एकूण शेहेचाळीस कागद निघाले. सात थर्मलचे, त्यातले पाच पूर्ण कोरे. एकावर तारीख नव्हती. दोन भलत्याच कुणाचे निघाले, आडनाव तेच. बाकीच्या अडतीस आकड्यांचा आलेख काढला. रेघ बहुतेक ठिकाणी पावणेआठच्या आसपास होती, चार ठिकाणी खाली गेलेली. त्या चारही वेळा तो ॲडमिट होता. तेवढी एक रेघ बघायला मला नऊ तास लागले.

आतेभावाने आलेखाचा स्क्रीनशॉट काढून फोनच्या वॉलपेपरला लावला. फोन लॉक असला तरी दिसतो. बेशुद्ध असलो तरी डॉक्टरला दिसेल, म्हणाला.

आत्या चिवडा घेऊन आली, पसारा बघितला. “झालं काय सारं त्या कॉम्प्युटरात? मंग फेकून देऊ का ही पिशवी?”

“नको आत्या, राहू दे. आणि नवीन चिटोरी मिळाली की त्याच दिवशी तिची झेरॉक्स काढून ठेवत जा.”

तिने कागद तारखेप्रमाणे लावले आणि पिशवीला रबर लावून ती परत कपाटात ठेवली.